रिॲक्शन स्वस्त, मग टेस्ट महाग का? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात व्हायरसच्या झटपट मॉलिक्युलर टेस्टवर लिहिलं होतं, म्हणजे व्हायरसचा आरएनए किंवा डीएनए थेट शोधणारी टेस्ट, पण सॅम्पल मोठ्या लॅबला न पाठवता पेशंटसमोरच, साधारण तासाभरात रिझल्ट देणारी. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांब पत्रं कापलीत, रागावू नका. "ही टेस्ट आमच्या जवळ कुठे होते" हे विचारणाऱ्यांनी ते आपल्या डॉक्टरांनाच विचारावं, इथून मी काय सांगणार.

प्रश्न: मॅडम, मी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. पीसीआरला (डीएनएच्या कॉपी वाढवायची नेहमीची पद्धत) तापमान सारखं वरखाली करणारं मशीन लागतं, पण लॅम्प (LAMP) ही कॉपी वाढवायची दुसरी पद्धत तर एकाच तापमानाला अर्ध्या तासात होते, वर रंग बदलतो तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हे तंत्र २००० सालापासून आहे म्हणतात. मग अजून प्रत्येक छोट्या दवाखान्यात ही टेस्ट का नाही? कुणी मुद्दाम दाबून ठेवलंय का?

उत्तर: दाबून वगैरे कुणी ठेवलेलं नाही. बाकी तुझी माहिती बरोबर आहे. जपानच्या आयकेन केमिकलमधल्या नोतोमी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये लॅम्पचा पेपर छापला. पीसीआरमध्ये ९५ डिग्रीला डीएनएचे दोन धागे सुटे करायचे, मग ५५-६० पर्यंत खाली आणून प्रायमर (म्हणजे जिथून नवा धागा सुरू होतो ते डीएनएचे छोटे तुकडे) चिकटू द्यायचे, मग ७२ ला नवा धागा बनवायचा आणि हे सगळं तीस-चाळीस वेळा. लॅम्पमधलं बीएसटी एन्झाइम समोरचा धागा बाजूला सारत सारतच पुढे जातं, त्यामुळे वरखाली करायची भानगड नाही, ६०-६५ डिग्रीला ठेवलं की झालं. तेवढ्यासाठी वीजसुद्धा लागतेच असं नाही, पाथ या संस्थेच्या लोकांनी कळीचा चुना आणि पाणी एकत्र आल्यावर निघणाऱ्या उष्णतेवर चालणारा हीटर करून दाखवलाय, त्यात मेणासारखा एक पदार्थ वितळत राहतो आणि तापमान हवं तिथे धरून ठेवतो.

म्हणजे रिॲक्शन स्वस्त झाली, ते खरंच. पण रिॲक्शन हा टेस्टचा नंतरचा भाग आहे, खरी मारामारी त्याच्या आधी असते आणि कॉलेजात त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. नाकातून आलेल्या स्वॅबमध्ये काय काय असतं बघ: शेंबूड, आपल्याच पेशी, बॅक्टेरिया, आरएनए खाऊन टाकणारी एन्झाइम्स आणि या सगळ्या गर्दीत कुठेतरी व्हायरस, तोही आपल्या कवचात बंद. तो फोडायचा, आरएनए वाचवायचा आणि रिॲक्शन अडवणारी घाण काढून टाकायची. लॅबमध्ये हे कसं करतात ते १९९० पासून फारसं बदललेलं नाही, त्या वर्षी बूम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्वानिडिनियम थायोसायनेट या रसायनाने व्हायरस फुटतो, आरएनए खाणारी एन्झाइम्सही निकामी होतात आणि आरएनए-डीएनए सिलिकाला चिकटून बसतं. मग अल्कोहोलने धुवायचं, शेवटी थोड्या पाण्यात सोडवून घ्यायचं. या सगळ्याला एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. धुणं जरा कमी पडलं आणि ग्वानिडिनियम किंवा अल्कोहोल मागे राहिलं की पुढचं एन्झाइम बंद पडतं. लॅबमध्ये रोबो करतो हे. दवाखान्यात कोण करणार?

त्यात अजून एक गंमत आहे, ती आकड्यातच कळते. समज एक मिली सॅम्पलमध्ये व्हायरसच्या १०० कॉपी आहेत. तू एक्स्ट्रॅक्शन न करता त्यातले ५ मायक्रोलिटर उचलून ट्यूबमध्ये टाकलेस, तर सरासरी अर्धी कॉपी आली. अर्धी कॉपी अशी काही वस्तू नसते, म्हणून प्रत्यक्षात अशा दहा ट्यूब केल्या तर त्यातल्या साधारण सहांमध्ये व्हायरस नसतोच आणि जे नाही ते जगातली कुठलीही केमिस्ट्री शोधू शकत नाही. याउलट पूर्ण एक मिलीतला आरएनए ५० मायक्रोलिटरमध्ये गोळा केलास (सगळा हाताला लागला असं धरून) तर त्याच ५ मायक्रोलिटरमध्ये १० कॉपी येतात. एक्स्ट्रॅक्शन नुसती सफाई करत नाही, ते व्हायरस दाटही करतं आणि "आम्ही एक्स्ट्रॅक्शनची पायरी काढून टाकली" असं कौतुकाने सांगणारे हा भाग गुपचूप सोडून देतात.

थेट सॅम्पल गरम करून टाकायची पद्धत चालत नाही असं नाही हं. आजार भरात असताना, व्हायरस भरपूर असताना मस्त चालते. रंग बदलण्याचं म्हणशील तर त्यातला फिनॉल रेड हा रंग रिॲक्शन चालून आम्लता वाढली की गुलाबीचा पिवळा होतो आणि लाळ मुळातच आंबट असली तर व्हायरस नसतानाही पिवळा होतो. शिवाय लॅम्पला चार ते सहा प्रायमर लागतात, इतके प्रायमर एका ट्यूबमध्ये असले की कधीकधी ते एकमेकांनाच धरून बसतात आणि बराच वेळ ठेवलं तर कोरी ट्यूबसुद्धा पॉझिटिव्ह दिसायला लागते, म्हणून तर किटवर "अमुक मिनिटांनीच बघा, नंतर नको" असं लिहिलेलं असतं.

ट्रूनॅट हे गोव्याच्या मोलबायोचं बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र बघ. डब्ल्यूएचओने २०२० मध्ये टीबीसाठी त्याची शिफारस केली आणि त्यावर व्हायरसच्याही टेस्ट होतात. त्यात दोन वेगळी मशीन्स आहेत, एक पीसीआरचं आणि एक फक्त सॅम्पल तयार करायला. यातच तुझं उत्तर आलं. प्रोजेक्टचा विषय शोधत असशील तर नवे प्रायमर डिझाइन करत बसू नकोस, ते करणारे पुष्कळ आहेत. पिपेट न वापरता, सेंट्रिफ्यूज न वापरता एक मिली सॅम्पलमधला आरएनए पन्नास मायक्रोलिटरमध्ये कसा आणायचा यावर डोकं लाव.

प्रश्न: माझ्या मुलाला ताप आणि खोकला होता. घरी अँटिजेन टेस्ट केली, कोविड आणि फ्लू दोन्ही निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात छोट्या मशीनवर मॉलिक्युलर टेस्ट केली तर फ्लू पॉझिटिव्ह. मग घरची टेस्ट बोगस होती का? आणि ती दुसरी टेस्ट घरी करता येईल अशी का देत नाहीत?

उत्तर: बोगस नसावी. अँटिजेन टेस्ट व्हायरसचं प्रोटीन शोधते आणि जेवढं सॅम्पलमध्ये आहे तेवढ्यावरच रेघ उमटवते, वाढवत काही नाही. मॉलिक्युलर टेस्ट आधी कॉपी वाढवते. प्रत्येक फेरीत दुप्पट धरलं तर तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून जास्त. त्यामुळे पहिल्या दिवशी, व्हायरस अजून कमी असताना, अँटिजेनला काही दिसत नाही पण मॉलिक्युलरला दिसतं. उलट अँटिजेन टेस्ट नीट करून स्पष्ट पॉझिटिव्ह आली तर ती बहुतेक वेळा खरीच असते.

कोविडच्या अँटिजेन टेस्टबद्दल सांगतात की लक्षणं असून निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी परत करा. ठीक आहे. पण फ्लूचं ओसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणजे तुम्ही दुसऱ्या टेस्टची वाट बघत बसलात तर तोवर औषधाची वेळ टळून जायची. मला विचाराल तर महाग असूनही लगेच होणाऱ्या मॉलिक्युलर टेस्टची खरी जागा ही आहे, जिथे आजच्या रिझल्टवर आजच काहीतरी ठरायचं असतं. फक्त उत्सुकता म्हणून करायची असेल तर पैसे वाचवा.

घरी करायची मॉलिक्युलर टेस्ट आली होती ना! ल्यूसिराच्या टेस्टला अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२० मध्ये परवानगी दिली, पूर्ण घरी करता येणारी ती पहिली मॉलिक्युलर टेस्ट, आतून लॅम्पच, साधारण अर्ध्या तासात निकाल आणि किंमत ५० डॉलरच्या आसपास. एकदा वापरून संपूर्ण यंत्र फेकून द्यायचं, त्यामुळे स्वस्त व्हायला फार वाव नव्हता. पुढे त्यांनी कोविड आणि फ्लू एकत्र शोधणारी टेस्ट केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली, पण त्याच्या दोनच दिवस आधी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. नंतर ती फायझरने घेतली. क्यू हेल्थ नावाची दुसरी कंपनी, तिचं छोटं मशीन परत वापरता यायचं आणि सॅम्पल घालायचं कार्ट्रिज दरवेळी नवीन, ती मे २०२४ मध्ये बंदच पडली. दोन्हींचं तंत्रज्ञान बरं होतं. साथीच्या काळात मागणी प्रचंड होती, त्या हिशोबाने कारखाने उभे केले, साथ ओसरली आणि लोक परत स्वस्त अँटिजेनकडे किंवा काहीच न करण्याकडे वळले.

प्रश्न: मी एका लहान दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. एकच खोली. शिकताना सांगितलं होतं की पीसीआरला तीन वेगळ्या खोल्या लागतात. मग ही पॉइंट ऑफ केअर (पेशंटजवळच टेस्ट करणारी) मशीन्स टेबलावर ठेवून कशी काय चालतात?

उत्तर: चालतात, कारण ट्यूब उघडायची नसते. तीन खोल्यांचा नियम कशासाठी, तर एका पॉझिटिव्ह रिॲक्शनमध्ये अब्जावधी कॉपी तयार होतात, झाकण उघडलं की त्यातल्या थोड्या हवेत उडतात, टेबलावर बसतात आणि उद्याच्या निगेटिव्ह सॅम्पलमध्ये शिरतात. बंद कार्ट्रिजमध्ये सॅम्पल एकदा आत गेलं की पुढचं सगळं आतच होतं आणि रिझल्ट प्लास्टिकच्या बाहेरून प्रकाशाने वाचला जातो. म्हणून वापरलेलं कार्ट्रिज कुतूहल म्हणून उघडून बघू नका, विशेषतः ती नवीन पोरं असतात ट्रेनिंगला, त्यांना आधीच बजावून ठेवा. काही किटमध्ये डीएनएच्या टी अक्षराऐवजी यू वापरतात आणि जुन्या रिॲक्शनमधून उडून आलेल्या अशा कॉपी नवीन रिॲक्शन सुरू व्हायच्या आधीच एका एन्झाइमने कापून टाकतात. उपयोगी युक्ती आहे पण तिच्या भरवशावर ढिलाई नको.

जिथे पिपेटने थेंब हाताने टाकायचा असतो अशा अर्धवट बंद सिस्टीममध्ये मात्र जरा जपून. ग्लोव्ह्ज प्रत्येक पेशंटला बदला, सॅम्पल उघडण्याची जागा आणि मशीनची जागा खोलीच्या दोन टोकांना ठेवा आणि अधूनमधून नुसतं पाणी सॅम्पल म्हणून लावून बघा. पाणी पॉझिटिव्ह आलं तर त्या दिवशीचे रिझल्ट कुणाला देऊ नका.

अजून एक. रिझल्ट "इनव्हॅलिड" आला की लोक मशीनला शिव्या घालतात, पण बऱ्याचदा तो इंटर्नल कंट्रोलचा निरोप असतो. स्वॅबमध्ये माणसाच्या पेशी तरी आल्यात का हे बघायला माणसाचंच एक जीन, बहुतेक ठिकाणी आरएनेज पी, शोधलं जातं. ते पण सापडलं नाही तर स्वॅब नाकाच्या दारातूनच परत आला असेल किंवा रिॲक्शन अडली असेल. अशा वेळी निगेटिव्ह न म्हणता "माहीत नाही" म्हणणारी टेस्ट चांगली टेस्ट. स्वस्तात देण्यासाठी हा कंट्रोल गाळलेल्या टेस्ट असतात. त्या घेऊ नका.

प्रश्न: खोक्यावर "९९ टक्के अचूक" लिहिलेलं असतं. मग पॉझिटिव्ह आलं तर आपण ९९ टक्के आजारी, असंच ना?

उत्तर: नाही ना! सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. धरा एक टेस्ट ९५ टक्के आजारी लोकांना बरोबर पकडते आणि ९९ टक्के निरोगी लोकांना बरोबर निगेटिव्ह सांगते. हजार लोक घेतले, त्यात आजारी फक्त दहा. दहापैकी नऊ-दहा सापडतील. उरलेल्या ९९० निरोगींपैकी एक टक्का, म्हणजे दहाजण, चुकून पॉझिटिव्ह येतील. आता तुमच्या हातात वीसेक पॉझिटिव्ह आहेत आणि त्यातले निम्मे खोटे. तीच टेस्ट साथीत, लक्षणं असलेल्या हजार लोकांवर केली आणि त्यातले दोनशे आजारी असले तर १९० खरे आणि फक्त ८ खोटे. टेस्ट तीच, खोकंही तेच.

आणि खोक्यावरचा आकडा कुठल्या सॅम्पलवर काढला हे विचारत चला. दवाखान्यात भरती झालेल्या, व्हायरस खच्चून भरलेल्या पेशंटच्या सॅम्पलवर कुठलीही टेस्ट हुशार दिसते. मी किट बघताना एका मिलीत कमीत कमी किती कॉपी असल्या तर सापडतात हे आधी शोधते आणि तो आकडा दिलाच नसेल तर पुढे वाचत नाही.

प्रश्न: क्रिस्परवर (डीएनए-आरएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र) चालणाऱ्या टेस्टचा एवढा गाजावाजा झाला, त्यांचं पुढे काय झालं?

उत्तर: क्रिस्परचं कास१३ हे एन्झाइम वापरणारी शेरलॉक टेस्ट २०१७ मध्ये आणि कास१२ वापरणारी डिटेक्टर २०१८ मध्ये जाहीर झाली, शेरलॉकवर आधारलेल्या कोविड टेस्टला मे २०२० मध्ये अमेरिकेत तातडीची परवानगीही मिळाली. क्रिस्पर ओळखण्यात फार पक्कं आहे, एखाद्या अक्षराचा फरकसुद्धा पकडता येतो. पण एकटं ते पुरेसं संवेदनशील नसतं, आधी लॅम्प किंवा आरपीएने (लॅम्पसारखीच एका तापमानाला चालणारी पद्धत) कॉपी वाढवाव्या लागतात, म्हणजे दोन पायऱ्या आणि सुरुवातीच्या पद्धतींमध्ये मधे ट्यूब उघडणंही आलं (वरचं टेक्निशियनचं उत्तर वाचा). एकाच ट्यूबमध्ये दोन्ही बसवायचे प्रयत्न चालू आहेत. पण सॅम्पल तयार करायचा प्रश्न क्रिस्पर सोडवत नाही. हे मी परत परत म्हणतेय, मला माहितीये.

प्रश्न: आम्ही तिघं मित्र स्वस्त मॉलिक्युलर टेस्टची कंपनी काढायच्या विचारात आहोत. एन्झाइम स्वतः बनवायचं, पेटंट बहुतेक संपलेली, मशीन थ्रीडी प्रिंटरवर. आमच्या हिशोबाने एका टेस्टचा खर्च एका डॉलरच्या खाली येतो. कुठे चुकतोय का?

उत्तर: ट्यूबमधल्या द्रवाचा खर्च म्हणाल तर बरोबर असेल. पेटंटचंही खरं. पीसीआर कॅरी मलिसला सुचली १९८३ मध्ये, सीटस कंपनीत नोकरीला असताना, कंपनीने त्याला १० हजार डॉलर बोनस दिला आणि पुढे १९९१ मध्ये पीसीआरचे हक्क रोश कंपनीला ३० कोटी डॉलरना विकले! मलिसला १९९३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, तेवढं समाधान. पण ती मूळ पेटंटं कधीच संपली आणि टेस्ट तरीही स्वस्त झाल्या नाहीत, यावरूनच लक्षात यायला हवं की पैसा दुसरीकडे जातो.

कुठे जातो ते सांगते. पहिलं म्हणजे कोरडं करणं. एन्झाइम साधारण उणे २० डिग्रीला ठेवतात आणि ते गोठून खराब होऊ नये म्हणून ग्लिसरॉलमध्ये असतं. तुम्हाला तर फ्रिज नसलेल्या दवाखान्यात टेस्ट पाठवायची आहे, म्हणजे फ्रीझ-ड्राय करणं आलं आणि ग्लिसरॉल असलं की ते नीट कोरडं होतच नाही. म्हणजे ग्लिसरॉल नसलेलं एन्झाइम लागणार, सोबत ट्रेहॅलोजसारखी साखर लागणार, दमट हवेत उघडं न ठेवता पॅक करायची खोली लागणार, प्रत्येक पाकिटात ओलावा शोषणारी पुडी लागणार. मग दोन वर्षं टिकते हे सिद्ध करायला नुसतं कागदावर भागत नाही, गरम करून अंदाज बांधता येतो पण खऱ्या वेळेचा डेटाही द्यावाच लागतो. दुसरं, प्लास्टिक. थ्रीडी प्रिंटर नमुन्यापुरता ठीक, लाखाने कार्ट्रिज बनवायची तर साचे लागतात, ते महाग असतात आणि डिझाइनमध्ये छोटासा बदल केला तरी साचा नवा. तिसरं, क्लिनिकल ट्रायल आणि परवानगी. चौथं, मशीन बंद पडलं की कोण येणार, ते. हे शेवटचं प्रत्येक जण विसरतो.

किंमत कशी ठरते ते जीनएक्सपर्टवरून शिका. सेफिड कंपनीचं हे मशीन, डब्ल्यूएचओने २०१० मध्ये टीबीसाठी उचलून धरलं, त्यावर एचआयव्ही, हिपॅटायटिस, कोविड सगळं चालतं. टीबीचं कार्ट्रिज गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी १६.८६ डॉलरला मिळायचं, २०१२ मध्ये दानशूर संस्था आणि सरकारी निधीने मोठा करार करून ते ९.९८ वर आणलं. आणि मग पुढची दहाएक वर्षं जगभर कोट्यवधी कार्ट्रिज खपून दर तिथेच. एमएसएफ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेने २०१९ मध्ये हिशोब मांडून सांगितलं की मोठ्या प्रमाणावर ५ डॉलरला विकणं परवडेल, त्यावर मोहीम चालवली, बराच आरडाओरडा झाल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये मालक कंपनी डॅनहरने टीबीचं कार्ट्रिज ७.९७ केलं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची कार्ट्रिज त्याहून महागच राहिली. एकदा मशीन टेबलावर बसलं की त्यात दुसऱ्याचं कार्ट्रिज चालत नाही, म्हणून बनवायचा खर्च खाली गेला तरी विकायचा दर आपोआप खाली येत नाही, कुणीतरी भांडावं लागतं.

त्यामुळे माझा सल्ला विचित्र वाटेल, पण एक डॉलरचं गणित बाजूला ठेवा. आधी एक आजार आणि एकच सॅम्पल पकडा. नाकाचा स्वॅब, रक्ताचा थेंब आणि लाळ तिन्हींवर चालेल असं म्हणत सुरुवात केलीत तर तिन्हींवर अर्धवट चालेल. चांगल्या पॉइंट ऑफ केअर टेस्टला काय काय असावं याची "अशुअर्ड" नावाची यादी वर्षानुवर्षं वापरात होती: परवडणारी, संवेदनशील, नेमकी, वापरायला सोपी, झटपट आणि दणकट, उपकरणं न लागणारी, गरजूपर्यंत पोचणारी. २०१८ च्या शेवटी तज्ज्ञांनी तिच्यात दोन गोष्टी वाढवल्या, रिझल्ट लगेच ऑनलाइन कळवता येणं आणि सॅम्पल सहज घेता येणं. मला तर ही दुसरी यादीत पहिल्यापासूनच हवी होती.

प्रश्न: सर्दी-तापाच्या पलीकडे या टेस्टचा खरंच उपयोग आहे का, की हौस?

उत्तर: सर्दी-तापाच्या पलीकडेच जास्त आहे. एचआयव्ही असलेल्या आईचं बाळ घ्या. आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून नेहमीची स्वस्त अँटिबॉडी टेस्ट बाळाला लागण झालीय की नाही हे सांगू शकत नाही, व्हायरसच शोधावा लागतो. डब्ल्यूएचओ सांगते की चार ते सहा आठवड्यांचं असताना टेस्ट करा. लागण झालेल्या आणि औषध न मिळालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावतात. पूर्वी टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन वाळवून लांबच्या लॅबला पाठवायचे, रिझल्ट यायला आठवडे, कधी महिने, तोवर आई गाव सोडून गेलेली. तीच टेस्ट तासाभरात तिथेच झाली तर आई बाळाला घेऊन बाकावर बसलेली असतानाच औषध सुरू करता येतं. इथे लॅबपेक्षा टेस्ट थोडी महाग पडली तरी चालतं, कारण कुणापर्यंत न पोचलेला स्वस्त रिझल्ट फुकट गेलेला असतो.

हिपॅटायटिस सीचंही तसंच. औषधं आता इतकी चांगली आहेत की साधारण ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. पण आधी अँटिबॉडी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर परत बोलावून आरएनए टेस्ट, मग परत बोलावून औषध, आणि प्रत्येक फेरीला माणसं गळतात. बोटाच्या टोकाच्या रक्तावर तासाभरात आरएनए शोधणाऱ्या सेफिडच्या टेस्टला अमेरिकेत जून २०२४ मध्ये परवानगी मिळाली, इतर काही देशांत तशी आधीपासून वापरात होती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी, तो घडवणाऱ्या एचपीव्ही या व्हायरसची डीएनए टेस्ट हे तिसरं उदाहरण, तिथे तर बाई स्वतःच सॅम्पल घेऊ शकते.

प्रश्न: बरं होऊन तीन आठवडे झाले तरी मॉलिक्युलर टेस्ट पॉझिटिव्ह येते. मी अजून इतरांना लागण देतोय का?

उत्तर: बहुतेक नाही. टेस्ट आरएनएचे तुकडे शोधते, जिवंत व्हायरस आहे की मेलेल्याचे अवशेष हे तिला कळत नाही. कोविडमध्ये असे तुकडे कित्येक आठवडे सापडू शकतात. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारा, तिथे गणित वेगळं असतं. रिपोर्टवर सीटी (कितव्या फेरीला व्हायरस दिसला तो आकडा) लिहिला असेल तर तो जितका जास्त तितका व्हायरस कमी, ३.३ ने वाढला म्हणजे साधारण दहापटीने कमी. पण दोन वेगळ्या मशीनचे सीटी शेजारी ठेवून तुलना करू नका.

प्रश्न: वापरलेली कार्ट्रिज टाकायच्या आधी ब्लीचमध्ये बुडवून ठेवतो. बरोबर ना?

उत्तर: आजपासून बंद करा! आत ग्वानिडिनियम असेल तर ब्लीचशी मिसळून विषारी वायू तयार होतात. न उघडता, न फोडता, बायोमेडिकल कचऱ्याच्या पिशवीत टाका आणि किटच्या कागदावर कचऱ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून भिंतीवर चिकटवा. टेबल पुसायला ब्लीच चालेल, पण आधी सांडलेलं सगळं पाणी आणि डिटर्जंटने पुसून घ्या, मग ब्लीच.